पुण्यातून परदेशी जाताना चलन स्वस्तात कसे मिळवावे

विमानाची तिकिटे सहा महिने आधी काढणारी आणि व्हिसाच्या कागदांची फाईल तीनदा तपासणारी कुटुंबे चलनाचा विषय मात्र निघण्याच्या आठवड्यावर ढकलतात. मग घाईत, जे दुकान जवळ पडेल तिथून, कोणीतरी सांगितलेल्या चलनात, सगळी रक्कम एकदम नोटांमध्ये उचलली जाते. तेवढाही वेळ न मिळालेले लोक एक्सप्रेसवेवरून थेट मुंबईचे विमानतळ गाठतात आणि तिथल्या काउंटरवर उभे राहतात. पहिल्या प्रकारात दोन-तीन टक्के जातात, दुसऱ्यात सहा-सात टक्केही जाऊ शकतात. ज्यांचा खर्च दोन-अडीच लाखांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी ही रक्कम किरकोळ नाही.

पुढील टप्पे निवासी भारतीयांच्या खासगी प्रवासासाठी आहेत. शिक्षण, उपचार आणि कंपनीच्या कामासाठीचा प्रवास यांचे काही नियम वेगळे असल्यामुळे ते येथे घेतलेले नाहीत. टप्प्यांचा क्रम सोडू नये, कारण बहुतेक चुका एखादे पाऊल वगळल्याने होत नसून ते चुकीच्या वेळी उचलल्याने होतात.

टप्पा १ : किती चलन हवे, यापेक्षा कोणत्या रूपात हवे ते आधी ठरवा (निघण्यापूर्वी तीन आठवडे)

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात भारतातूनच भरून होणारे खर्च लिहा : विमान, हॉटेलचे आगाऊ आरक्षण, रेल्वेचे पास, प्रवेश तिकिटे. दुसऱ्या रकान्यात तिथे कार्डाने होणारे खर्च लिहा : उपाहारगृहे, खरेदी, मेट्रो. तिसऱ्या रकान्यात केवळ रोखीने होणारे खर्च येतील : टिप, रस्त्यावरचे खाणे, छोट्या गावातील टॅक्सी, बाजार, काही ठिकाणची स्वच्छतागृहे. नोटा घ्यायच्या त्या या तिसऱ्या रकान्यापुरत्या, आणि वर दोन दिवसांच्या अडीअडचणीपुरत्या. सिंगापूर, ब्रिटन किंवा स्वीडनसारख्या देशांत हा रकाना फार लहान असतो, तर व्हिएतनाम, इंडोनेशिया किंवा श्रीलंकेत तो बराच मोठा होतो.

सगळ्या सहलीचे पैसे नोटांमध्येच न्यायची सवय आपल्याकडे अजून पक्की आहे. तिचा तोटा दोन्ही बाजूंनी होतो : नोटांचा दर फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधी भरून ठेवायचे कार्ड) चढवलेल्या चलनापेक्षा सहसा महाग असतो, आणि उरलेल्या नोटा परत विकताना पुन्हा फटका बसतो.

पडताळणी : तिसऱ्या रकान्याची बेरीज एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर यादी पुन्हा पाहा. दुसऱ्या रकान्यातले बरेच काही चुकून तिथे गेलेले असण्याची शक्यता आहे.

टप्पा २ : कोणते चलन पुण्यात घ्यायचे आणि कोणते तिथे

पुण्यात डॉलर, युरो, पौंड, दिरहम आणि सिंगापूर डॉलर सहज मिळतात. थाई बाट, ऑस्ट्रेलियन आणि कॅनेडियन डॉलर व येन मागणी केल्यास मिळतात. ही चलने शक्यतो थेट रुपये देऊनच घ्यावीत. युरोपला जाणाऱ्याने आधी डॉलर घेऊन पॅरिसमध्ये त्यांचे युरो करणे म्हणजे दोन वेळा नफा दुसऱ्याच्या खिशात घालणे आहे. ‘डॉलर सगळीकडे चालतो’ हा सल्ला अर्धाच खरा आहे.

तो जिथे खरा ठरतो ते देश वेगळे आहेत. व्हिएतनामी डाँग, इंडोनेशियन रुपिया, श्रीलंकन रुपया, केनियन शिलिंग किंवा जॉर्जियन लारी यांना पुण्यात गिऱ्हाईक थोडे असल्यामुळे ती एकतर मिळत नाहीत किंवा फार चढ्या दराने मिळतात. अशा देशांसाठी डॉलरच्या नोटा घेऊन जाणे आणि तिथे पोहोचल्यावर अधिकृत दुकानात बदलणे हा स्वस्त मार्ग आहे, मग दोनदा बदल झाला तरी चालेल.

दुबईसाठी एक सोपी कसोटी आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या ठरावीक दराने बांधलेला आहे. ज्या दुकानात डॉलर ९०.७० रुपयांना मिळतो, तिथे दिरहम २४.७० रुपयांच्या आसपास मिळायला हवा. दुकानदार २५.६० सांगत असेल, तर तो दिरहमवर डॉलरपेक्षा साडेतीन टक्क्यांहून जास्त घेत आहे. तिथून डॉलर घ्या आणि दुबईत बदला, किंवा दुसरे दुकान पाहा.

युरोपमध्ये एकाहून अधिक देश करणाऱ्यांनी यादी नीट पाहावी. क्रोएशियात २०२३ पासून युरो चालतो, पण स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी यांची स्वतःची चलने आहेत. स्वित्झर्लंडमध्ये अनेक दुकाने युरो घेतात, मात्र दर त्यांचा असतो आणि सुट्टे फ्रँकमध्ये परत मिळतात. अशा दोन-तीन दिवसांच्या मुक्कामासाठी पुण्यात वेगळे चलन शोधण्यापेक्षा कार्ड वापरणे बरे.

टप्पा ३ : कागदपत्रे आणि मर्यादा

पासपोर्ट, लागू असेल तिथे व्हिसा, परतीसह निश्चित तिकीट आणि पॅन कार्ड यांच्या प्रती ठेवा. ए-२ नावाचा अर्ज दुकानात किंवा बँकेत भरावा लागतो. लहान मुलांच्या नावेही चलन घेता येते, त्यासाठी पालकाची सही लागते.

मर्यादा लक्षात ठेवण्यासारख्या चारच आहेत.

उदारीकृत प्रेषण योजनेखाली (निवासी भारतीयांनी परदेशी चलन घेण्या-पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात एकूण २,५०,००० डॉलरपर्यंत चलन मिळू शकते. सामान्य पर्यटकाला या मर्यादेची चिंता नसते. मात्र नोटांच्या रूपात एका प्रवासात प्रति व्यक्ती ३,००० डॉलरइतकेच चलन मिळते. उरलेले कार्डावर घ्यावे लागते. इराक, लिबिया, इराण, रशिया यांसारख्या काही देशांसाठी आणि हज यात्रेसाठी अपवाद आहेत.

चलनाची किंमत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर ती रोखीने देता येत नाही. धनादेश, कार्ड किंवा बँक खात्यातून भरावी लागते. एकाच प्रवासासाठी दोन-तीन वेळा थोडे थोडे घेतले तरी बेरीज एकत्रच धरली जाते.

वर्षभरात या योजनेखाली १० लाख रुपयांपर्यंत घेतलेल्या प्रवासी चलनावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने व्यवहाराच्या वेळीच गोळा करायचा कर, लागत नाही. त्यापुढील रकमेवर २० टक्के कापला जातो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे. हा खर्च नसून आगाऊ भरलेला कर आहे आणि विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. टूर कंपनीच्या पॅकेजला वेगळा नियम आहे, म्हणून पॅकेजचा टीसीएस आणि स्वतः घेतलेल्या चलनाचा टीसीएस यांची गल्लत करू नका.

चौथी मर्यादा रुपयांची : भारतातून जाताना प्रति व्यक्ती २५,००० भारतीय रुपयांपर्यंतच नोटा सोबत नेता येतात.

सावधान : सोसायटीतल्या शेजाऱ्यांकडे अमेरिकेहून आणलेले डॉलर आहेत आणि ते ‘गूगलवरच्या दराने’ देत आहेत, हा व्यवहार पुण्यात सर्रास होतो. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ नुसार अधिकृत व्यक्तीशिवाय इतर कोणाकडूनही चलन विकत घेता येत नाही आणि दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. शिवाय पावती नसते आणि नोट चालेलच याची खात्रीही नसते. कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ब्रिटनमध्ये ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत, पण कपाटांच्या चोरकप्प्यांत त्या अजूनही आहेत.

टप्पा ४ : भाव विचारण्याची पद्धत (निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस)

लक्ष्मी रोडवर एका साडीसाठी पाच दुकाने पालथी घालणारी मंडळी चलनाच्या दुकानात पहिल्याच दराला मान डोलावतात, कारण कशाशी तुलना करायची ते ठाऊक नसते. तुलना करायची ती बाजारभावाशी. बँका एकमेकांशी ज्या दराने व्यवहार करतात तो दर गूगलवर किंवा चलनाच्या कुठल्याही संकेतस्थळावर दिसतो. तो दर तुम्हाला कोणी देणार नाही, पण प्रत्येक दर त्यापासून किती लांब आहे हे मोजता येते.

दुकानातील फलकावर दोन दर असतात, खरेदी आणि विक्री, आणि ते दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. तुम्ही चलन घेणार असाल तर तुमच्यासाठी ‘विक्री’चा दर लागू होतो. येनचा दर अनेकदा १०० येनला सांगितला जातो, हेही ध्यानात ठेवा.

फोनवर ‘आज डॉलर काय भाव?’ असे विचारू नका. असे विचारा : ‘मला १,००० डॉलर नोटांमध्ये हवे आहेत. सगळी शुल्के आणि जीएसटी धरून एकूण किती रुपये द्यावे लागतील?’ फरक हिशेबातून दिसेल. समजा बाजारभाव ९० रुपये आहे, म्हणजे १,००० डॉलरचे ९०,००० रुपये होतात.

पहिला मनी चेंजर ९०.७० रुपये दर सांगतो आणि वेगळे शुल्क लावत नाही. जीएसटीसह एकूण ९०,८६३ रुपये होतात. बाजारभावापेक्षा ८६३ रुपये जास्त.

दुसरा ९०.३० रुपये दर सांगतो, जो ऐकायला स्वस्त आहे. पण ५०० रुपये सेवाशुल्क, २५० रुपये घरपोच देण्याचे आणि या सगळ्यावर जीएसटी मिळून एकूण ९१,३४८ रुपये होतात. म्हणजे ‘स्वस्त’ दराने ४८५ रुपये जास्त गेले.

विमानतळावरील काउंटरचा दर ९६ रुपये असेल, तर तिथे ९६,१७३ रुपये मोजावे लागतील. तिथे खरेदी करणाऱ्याला परत फिरून दुसरे दुकान गाठता येत नाही, हे दुकानदारालाही माहीत असते.

चलन बदलावरील जीएसटीचा हिशेब ठरलेला आहे, त्यात घासाघीस नसते. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का, किमान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे एक लाखावर १८० रुपये, आणि व्यवहार कितीही लहान असला तरी किमान ४५ रुपये. दुकानदाराने चलनाच्या संपूर्ण किमतीवर १८ टक्के सांगितले तर तिथून निघा.

डेक्कन, कॅम्प, कोरेगाव पार्क, औंध या भागांत मनी चेंजर आहेत आणि बँकांच्या मोठ्या शाखाही चलन देतात. किमान तीन ठिकाणी, एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात विचारा, कारण दर दिवसभर हलत असतो. चौथा आकडा ऑनलाइन चलन विकणाऱ्या संकेतस्थळाचा घ्या आणि तो दुकानदाराला सांगा. रक्कम बरी असेल तर दहा-वीस पैसे सहज कमी होतात. शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आंतरबँक बाजार बंद असतो आणि सोमवारी भाव वर गेला तर काय, या धास्तीने विक्रेते दरात जास्त फरक ठेवतात. म्हणून सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेतीनच्या आत व्यवहार करावा. मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीत लहान मूल्याच्या नोटा संपतात, तेव्हा आणखी थोडे आधी जावे.

पडताळणी : मोठ्या चलनांच्या नोटांसाठी एकूण जादा खर्च बाजारभावाच्या दीड टक्क्याच्या आत बसत असेल तर व्यवहार ठीक आहे. आणखी दहा पैशांसाठी आठवडाभर वाट पाहण्यात अर्थ नाही. रुपया तेवढ्यात दोन्हीकडे हलू शकतो.

टप्पा ५ : कार्डे तयार ठेवा

भारतीय क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर परदेशी व्यवहारासाठी मार्कअप, म्हणजे दरावर बँक वर घेते ती टक्केवारी, लागतो. तो ३.५ टक्के असेल तर त्यावरील जीएसटी धरून ४.१३ टक्के होतो. ९०,००० रुपयांच्या खर्चावर ३,७१७ रुपये. काही बँका शून्य मार्कअपची कार्डे देतात. असे कार्ड आधीपासून असेल, तर दुसऱ्या रकान्यातील खर्चासाठी त्यापेक्षा स्वस्त काही नाही. घरात कोणती कार्डे आहेत आणि प्रत्येकावर किती मार्कअप आहे ते बँकेच्या शुल्कपत्रकात पाहा. शाखेतील तोंडी उत्तरावर विसंबू नका.

फॉरेक्स कार्डाचा फायदा असा की चलन चढवताना जो दर लागतो तो पक्का होतो. तोटा असा की कार्डावर डॉलर असताना तुम्ही युरोत खर्च केला, तर पुन्हा दोन-साडेतीन टक्के जातात. म्हणून जिथे जाणार त्याच देशाचे चलन चढवावे, आणि ते त्या कार्डावर उपलब्ध नसेल तर फॉरेक्स कार्डाचा हट्ट सोडावा. कार्ड देण्याचे शुल्क, पुन्हा पैसे भरण्याचे शुल्क, एटीएममधून काढण्याचे शुल्क आणि वापर न केल्यास कापले जाणारे शुल्क, ही चारही लेखी घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशातील वापर आधीपासून सुरू नसतो, तो स्वतः सुरू करावा लागतो. ॲपमध्ये दुकानातील व्यवहार, एटीएम आणि ऑनलाइन यांची वेगवेगळी कळ असते, ती प्रत्येक पाहा आणि रोजची मर्यादा ठरवा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक परदेशात चालू राहील याची सोय करा.

सावधान : हॉटेलची किंवा भाड्याच्या गाडीची अनामत फॉरेक्स कार्डावर अडकवू नका. ती मोकळी व्हायला अनेक दिवस लागू शकतात आणि तोपर्यंत तुमचे खरे पैसे अडकलेले असतात. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्या.

यूपीआय काही देशांत चालते : सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, भूतान आणि फ्रान्समधील काही ठिकाणी. पण ते निवडक दुकानांपुरतेच आहे, म्हणून त्याच्या भरवशावर नोटा कमी करू नका.

टप्पा ६ : काउंटरवर (निघण्यापूर्वी तीन ते पाच दिवस)

दुकानात रिझर्व्ह बँकेचा परवाना लावलेला आहे ना ते पाहा. पैसे भरण्यापूर्वी ठरलेला दर आणि एकूण रक्कम लिहून घ्या. अमेरिका, युरोप किंवा ब्रिटनमध्ये खर्च करायचा असेल तर लहान नोटा मागा. ५०० युरोची नोट नकोच, ती छापणे बंद झाले आहे आणि दुकाने घेत नाहीत. याउलट थायलंड किंवा इंडोनेशियात बदलण्यासाठी डॉलर नेत असाल, तर १०० डॉलरच्या नव्या, कोऱ्या नोटा मागा. तिथे ५, १० किंवा २० डॉलरच्या नोटांना कमी दर मिळतो आणि घडी पडलेली, शिक्का मारलेली, फाटलेली किंवा जुन्या मालिकेची नोट परतही केली जाते. पुण्यातील दुकानदार अशी नोट देताना ‘चालेल’ म्हणतो. ती तिथल्या दुकानदाराला चालायला हवी.

नोटा काउंटर सोडण्यापूर्वी मोजा. पावतीवर तुमचे नाव, दर आणि रक्कम बरोबर आहे का ते वाचा. पावतीचा फोटो काढून ठेवा.

टप्पा ७ : परदेशात पोहोचल्यावर

विमानतळावर फार तर टॅक्सीपुरते बदला. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर आगमन कक्षातील काउंटरपेक्षा तळघरात, रेल्वे स्थानकाजवळच्या दुकानांत बराच चांगला दर मिळतो. दहा मिनिटे चालण्याचे ते पैसे आहेत.

कार्डाने पैसे देताना किंवा एटीएमवर एक प्रश्न हमखास येतो : रक्कम रुपयांत घ्यायची की स्थानिक चलनात? दरवेळी स्थानिक चलन निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा असल्यामुळे लोक तोच दाबतात, पण तो दर दुकानाच्या किंवा एटीएमच्या चालकाने स्वतःचा नफा घालून ठरवलेला असतो. फॉरेक्स कार्डावर तर दुहेरी नुकसान होते : कार्डात युरो असूनही बिलाचे रुपये होतात आणि त्या रुपयांचे पुन्हा युरो कापले जातात. यंत्र मराठी माणसाला सौजन्याने रुपये दाखवत नाही. कधी दुकानदार विचारल्याशिवायच रुपये निवडतो, म्हणून पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचे चलन वाचा आणि चुकले असेल तर व्यवहार रद्द करायला सांगा.

एटीएममधून थोडे थोडे काढू नका. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दरवेळी साधारण २२० बाट शुल्क लागते. २,००० बाट काढले तर ते ११ टक्के होते, २०,००० काढले तर १.१ टक्का. त्यावर तुमच्या बँकेचे शुल्क वेगळे. क्रेडिट कार्डाने रोख काढणे टाळा, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतील एटीएम परदेशी कार्डे घेतात, त्यामुळे पुण्यातून येनचा मोठा गठ्ठा नेण्याची गरज नाही.

सावधान : बालीसारख्या ठिकाणी फलकावर सर्वांत चढा दर लावणारे छोटे दुकान म्हणजे बहुधा हातचलाखीचे दुकान. अधिकृत परवाना असलेल्या दुकानातच जा, नोटा स्वतः शेवटच्या मोजा आणि मोजल्यावर त्या पुन्हा समोरच्याच्या हातात देऊ नका.

टप्पा ८ : परत आल्यावर

परतीच्या विमानतळावर नाणी संपवा. भारतात ती कोणी घेत नाही. भारतात उतरताना तुमच्याकडील परकीय नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त मूल्याच्या असतील, तर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे घोषणापत्र भरावे लागते.

उरलेल्या नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात. त्यावरील रक्कम परतल्यापासून १८० दिवसांच्या आत अधिकृत मनी चेंजरला किंवा बँकेला विकावी लागते. वर्षभरात पुन्हा त्याच चलनाच्या देशात जायचे असेल तर मर्यादेतील नोटा ठेवणे शहाणपणाचे, कारण विकताना ‘खरेदी’चा खालचा दर लागतो आणि पुन्हा घेताना वरचा. विकायच्याच असतील तर तीन ठिकाणी विचारणे याही वेळी लागू आहे. मनी चेंजर १,००० डॉलरइतक्या चलनापर्यंतच रुपये रोखीने देऊ शकतो, त्यापुढे बँकेमार्फत मिळतात. फॉरेक्स कार्डावरील शिल्लक तशीच पडू देऊ नका. वापर नसल्याचे शुल्क तिला हळूहळू खात राहते.

त्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन सर्व कार्डांवरील परदेशी वापर बंद करा. पुढील दोन महिन्यांची कार्डांची विवरणे ओळ न ओळ पाहा, कारण हॉटेलची उशिरा लावलेली बिले आणि चुकून रुपयांत झालेले व्यवहार तिथेच सापडतात. टीसीएस कापला गेला असेल, तर त्याची नोंद तुमच्या पॅनवर आली आहे का हे विवरणपत्र भरण्यापूर्वी तपासा. नसेल तर विक्रेत्याकडे पावती दाखवून दुरुस्ती मागा.